जावईबुवांचा बडग्या

तांडापेठ, नागपूर
२० जुलै १९७३

रा. रा. कृष्णकांत शेठ, रुपरावांचे जावईबुवा, मुक्काम कामठी, यांस,

तुझ्या आईने अंतर्देशीय पत्र आणून पुढ्यात ठेवलं, पेन ठेवलं आणि लिहिल्याशिवाय उठू देणार नाही अशी समोर बसली, म्हणून लिहितो आहे. कामठीची बस चौकातून सुटते. तासाभरात तुझ्या सासऱ्याच्या दारात उभा राहू शकतो. पण त्या दारात उभं राहण्यापेक्षा पोस्टमनला फिरवलेलं बरं.

आईचा निरोप असा की तिची तब्येत बरी आहे, गुडघा दुखतो, तू कसा आहेस, सूनबाई गोपिका कशी आहे. झाला निरोप. आता माझं ऐक.

तू पाठवलेलं लुगडं मिळालं. हिरवं, तांबड्या काठाचं. घडी उलटून पाहिली तर आत निळा शिक्का: हातमागावर विणलेले. आणि त्याखाली नाव कोणाचं? आपल्याच मोहल्ल्यातल्या विणकर संस्थेचं. वा रे बहाद्दर. माझा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेला आणि तू मला हातमागाचं लुगडं दाखवतोस. मी टोक तुझ्या आईच्या हातात दिलं. तिने बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "पॉवरलूमचं हाय." मी म्हटलं, मग फेक. तर म्हणते, "लेकानं धाडलं हाय. नेसणार हाय मी." आणि नेसली. गेले दोन दिवस ते खोटं लुगडं माझ्या घरात फिरतं आहे, मला भाकर वाढतं आहे.

घरजावई झालास तेही मी गिळलं. तीन वर्षांपूर्वी वाजतगाजत वरात घेऊन कामठीला गेलो आणि नवरा तिथेच ठेवून परत आलो. मुलीची पाठवणी सगळेच करतात. मुलाची पाठवणी करून आलेला बाप या मोहल्ल्यात मी एकटाच. बसमध्ये तुझी आई रडत होती आणि शेजारचा प्रवासी मला विचारत होता, "पोरगी दिली का जी?" मी हो म्हटलं.

पण शिक्का नाही गिळता येत. तुझा सासरा सत्तर पॉवरलूम लावो नाहीतर सातशे. विको आपलं कापड आपल्या नावाने. आमचं नाव त्यावर काहून? बाजारात दुकानदार आम्हाला म्हणतात, तुमच्याच संस्थेचं लुगडं कामठीहून स्वस्तात येतं, तुमचं कशाला घेऊ? शेजारच्या लहानूजीने गेल्या महिन्यात माग मोडला. तुला अंगाखांद्यावर खेळवणारा लहानूजी. त्याच्या मागाची लाकडं चुलीत गेली, आणि त्या चुलीवरचा चहा मी पिऊन आलो.

शिक्का बंद कर. आशीर्वाद द्यायची रीत आहे, म्हणून दिला असं समज.

रामाजी धकाते


तांडापेठ, नागपूर
५ ऑगस्ट १९७३

जावईबुवा,

पत्र मिळालं. टाइप केलेलं आहे. बापाला पत्र टाइप करून पाठवणारा मुलगा पाहायचा राहिला होता, तोही पाहिला. तुझ्या आईला वाचून दाखवायला घेतलं तर ती म्हणाली, आधी मले अक्षर दाखवा. कुठलं अक्षर दाखवू? खाली इंग्रजीत केलेली सही दाखवली. तिने त्या सहीवरून हात फिरवला.

तू लिहितोस, 'हातमाग मेला आहे बाबा, तुम्ही त्याला उगीच मांडीवर घेऊन बसला आहात.' मेला असेल तर आम्ही त्याची राख करू. पण मेलेल्याच्या अंगावरचे कपडे काढून विकणाऱ्याला काय म्हणतात ते सासऱ्याला विचार, त्याला धंद्याची माहिती जास्त.

पुढे लिहितोस, 'शिक्क्याचा निर्णय मामंजींचा आहे, माझ्या हातात काही नाही.' हे मात्र पटलं. तुझ्या हातात काही असतं तर तू तिथे कशाला गेला असतास? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान फणा तरी असतो.

आता मोहल्ल्याची बातमी. परवा नागपंचमीला मारुतीच्या पारावर बैठक झाली. पोळा जवळ आला, यंदा बडग्या कोणाचा काढायचा, हा विषय होता. कामठीला जाऊन विसरला असशील म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, निघते आणि तिच्यामागे मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे निघतात. ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, वाटेभर चपलांनी झोडायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून तू हे एवढ्या जोरात ओरडायचास की माझा कान दिवसभर दुखायचा.

आपल्या मोहल्ल्याचा बडग्या मीच करतो, हे तरी आठवत असेल. रेशनमध्ये खडे मिसळणारा केला, नळाला पाणी न सोडणारा केला. यंदा कोणाचा, असं विचारलं. कोणी तंबाखू मळतो, कोणी नख पाहतो. मला आधी कळेना. मग लहानूजी म्हणाला, "रामाजी, यंदा तुमी आराम करा. पोट्टे करतीन बडगा."

तेव्हा कळलं. मी म्हटलं, "माह्या पोराचा बडगा दुसऱ्याच्या हातानं होणार नाई. मीच करतो."

कोणी टाळी वाजवली नाही. लहानूजीने तेवढं म्हटलं, "पाहा बा. मंग आमाले दोष नका देऊ."

तर जावईबुवा, मान मिळाला आहे. नागपुरात किती जणांचा बडग्या निघतो? आणि तोही खास बापाच्या हातचा.

रामाजी


तांडापेठ, नागपूर
१५ ऑगस्ट १९७३

कृष्णकांत,

आज झेंडा लावून आलो आणि कामाला बसलो. बांबूच्या कामट्या बांधून झाल्या. हात, पाय, छाती उभी राहिली. जुनी वर्तमानपत्रं लहानूजीने आणून दिली. चिकटवायला मागावरच्या सुताला लावतो तीच खळ वापरतो आहे. मागावर सूत नाही, खळ तरी कामी आली.

पोट मोठं केलं आहे. सासरचं खाणं आहे, दिसलं पाहिजे.

घरात मात्र तमाशा चालू आहे. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, कामट्यांशी बोलते. झाडताना त्यांना म्हणते, "बस बापा, अजून चार दिवस बस. मंग तुले काढतीन बाहेर." काल शेवटी माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुमाले समजते का तुमी काय करून राह्यले? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली पीडा म्हणून पळसाची फांदी शिवेवर टाकून येतो, तं आपण मागं वळून पाहत नाई. लेकाले टाकून आल्यावर कसं कराचं?"

मी म्हटलं, "तेच कराचं. मागं पाहाचं नाई."

"अन् तो घरी आला तं?"

"येईन कसा? एकदा बाहेर काढलं ते गेलं. ते परत घरात घेत नाई. रीत म्हणजे रीत."

"आपल्या माणसालेबी?"

"आपल्या माणसाले तं आधी."

तिने झाडू तिथेच टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. त्या वेळी घातलेलं भाजीतलं मीठ मी अजून भोगतो आहे.

तेव्हा नीट समजून घे. मी धमकी देत नाही, धमक्या द्यायला आमच्याकडे सत्तर पॉवरलूम नाहीत. पोळ्याच्या आत शिक्का बंद झाल्याचं मोहल्ल्याला कळलं, तर या कामट्यांचा मी दुसरा कोणीतरी करीन. माणसांची काही कमी नाही. नाही कळलं, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मोहल्ला तुला वाजवत बाहेर नेईल आणि मग या घराचा उंबरा तुझ्यासाठी संपला. तुझ्या आईला भेटायचं तर बाजारात भेट, देवळात भेट, तुझ्या सासऱ्याच्या बंगल्यावर बोलाव. इथे नाही.

रुपराव शेठना माझा नमस्कार सांगू नकोस.

रामाजी


तांडापेठ, नागपूर
२४ ऑगस्ट १९७३

कृष्णकांत,

चोर रात्री तरी येतात. तू भर दुपारी आलास, मी सूत आणायला इतवारीत गेलेलो पाहून. तुझी आई सांगणार नव्हती. पण शेजारणीने मला चौकातच गाठून सांगितलं, "जी, तुमचा किसना आलता. बारीक झाला."

घरी येऊन तिला विचारलं. तिने सगळं सांगितलं. तू मागच्या दाराने आलास. ओसरीत बडग्या उभा होता, अजून मुंडकं नसलेला. त्याच्याभोवती तू फिरलास, पोटावर टिचकी मारलीस आणि हसलास. मग चटणी-भाकर खाल्लीस. जाताना तिला म्हणालास, "बाबाले सांगजो, नाक नीट काढा मना. नाईतं लोक वळखणार नाईत."

नाक नीट काढा. वा. शिक्का बंद करतो म्हणाला नाहीस. चुकलो म्हणाला नाहीस. लहानूजीच्या घरावरून गेलास, तिकडे पाहिलं नाहीस. आणि बापाला कारागिरी शिकवून गेलास. हा आगाऊपणा कुठून आणलास मला कळत नाही. तुझी आई म्हणते, तिला कळतं.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. जेवायला बसताना तू हात धुतलेस तर पाणी निळं झालं. ती म्हणाली, "त्याची बोटं निळी हाय जी. नखात शाई गेली हाय. घासली तरी निघाली नाई."

मी रात्रभर नाही, पण बराच वेळ यावर विचार केला. मला वाटलं होतं, तू गादीवर बसून हुकूम सोडत असशील. शिक्के मारायला नोकर असतील. म्हणजे सासऱ्याने जावई म्हणून नेलं आणि शिक्के मारायला बसवलं. उद्या पोलीस आले तर निळी बोटं कोणाची सापडतील? शेठची नाही. आपल्या घरी मागावर बसून धोटा चालवायला मी तुला कधी हाक मारून उठवलं नाही, आणि तिथे तुला शाईच्या गादीवर घासतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे व्याह्याने माझंच घोडं नेलं आणि घाण्याला जुंपलं.

मला राग आला. तुझा नाही, किंवा तुझाही. संताप एवढा आला की ताट सरकवलं. तुझ्या आईला वाटलं मिठामुळे.

पण म्हणून बडग्या थांबणार नाही. पारावर शब्द दिला आहे. तुझ्या शिक्क्याने माणसांच्या चुली विझल्या, त्यांना मी काय सांगू, की माझ्या पोराची बोटं निळी आहेत? आज मुंडक्याला बसतो. नाकाची काळजी करू नकोस.

रामाजी


तांडापेठ, नागपूर
१ सप्टेंबर १९७३

कृष्णा,

हे पत्र ओट्यावर बसून लिहितो आहे. काहून ते पुढे येईलच.

मुंडक्याला मी पोळ्यापर्यंतचे सगळे दिवस घेतले. इतकं मन लावून कधी काही केलं नाही. कपाळ, भुवया, हनुवटीचा खड्डा. नाक तर कागद ओला करून, घासून, पुन्हा चढवून केलं. तू बोलला होतास ना. रंग दिला, मिशी लावली. पाटीवर लिहिलं, 'खोट्या शिक्केवाल्याला घेऊन जा गे मारबत.' नाव घातलं नाही. काहून घातलं नाही ते विचारू नकोस, मलाही कोणाला सांगता येणार नाही. तोंडावर फडकं टाकून ठेवलं.

बुधवारी सकाळी सगळा मोहल्ला दारात. ढोल, ताशे, पोरं. शिक्का बंद झाल्याची बातमी आली नव्हती. चौघांनी बडग्या उचलून बाहेर आणला. मी पुढे होऊन फडकं काढलं.

ढोल बंद पडला. सगळे बडग्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात. लहानूजी जवळ आला, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "रामाजी, हे कोणाचं तोंड काढलं गा? हे तं तुमीच हाय."

मी पाहिलं. उन्हात पाहिलं. कृष्णा, तो मीच होतो. तिशीतला मी. तेच नाक, तेच कपाळ, तोच हनुवटीचा खड्डा. तुझं तोंड काढायला बसलो आणि माझं काढून उठलो. तुझी आई दारातून बोलली, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तीन वर्षांत लेकाचं तोंड पाह्यलं कवा यायनं? रोज दाढी करताना आरशातलंच पाह्यलं."

मग पारावरचा म्हातारा दादाजी पुढे आला आणि म्हणाला, "बरोबर केलं रामाजीनं. खाण तशी माती. खोटं पोरगं कोणी जन्माले घातलं? बापानं सोतालेच बडगा केलं. याले म्हणते माणूस." एवढं ऐकलं आणि ढोल सुरू झाला. लोक माझ्या पाठीवर थाप मारायला लागले. मी कधी नव्हे एवढा मोठा झालो.

मला बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, बाबांनो, चुकलं, हा तो कामठीचा आहे. लहानूजीने खडू काढून पाटीवर तुझं नाव लिहिलं असतं, तेवढाच वेळ. माझी जीभ उचलली नाही. उभ्या जन्मात जी जीभ कधी गप्प बसली नाही, ती त्या वेळी बसली. मला तू बाहेर जायला नको होतास. इतकंच आहे ते. ही पत्रं, हा बडग्या, सगळं करून शेवटी इतकंच निघालं.

पहिली चप्पल लहानूजीने मारली, नेमकी नाकावर. मीही मिरवणुकीबरोबर गेलो. माझ्याच तोंडाला माझ्याच मोहल्ल्याची पोरं झोडत होती आणि मी ओरडत होतो, घेऊन जा गे मारबत. जाळलं तेव्हा कामट्या चांगल्या तडतडल्या. कोणी मागे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

भूक लागली होती. घरी आलो तर तुझी आई उंबऱ्यात आडवी बसलेली. तेच हिरवं लुगडं नेसून.

म्हटलं, "बाजूले हो."

"कोण तुमी?"

"पंचफुला, येड लागलं का?"

"या घरचा माणूस तं गेला. वाजत गेला. साऱ्या मोहल्ल्यानं पाह्यलं, मीबी पाह्यलं. एकदा बाहेर काढलं ते परत घरात घेत नाई. आपल्या माणसाले तं आधी. रीत म्हणजे रीत."

मी समजावलं, दरडावलं, लोक जमले. ती हलेना. शेवटी म्हटलं, "मंग मी राहू कुठं?"

"ओटा हाय."

"अन् आत कोण घेईन मले?"

"लेक घेईन. तो आला, हात धरून आत घेऊन गेला, तं चालते. दुसऱ्या कोणाच्या हातानं नाई."

अशी रीत मी ना ऐकली ना पाहिली. लहानूजीला साक्षीला बोलावलं, तर तो हलकट म्हणतो, "वैनी म्हणते तं असंन जी. जुनी रीत असंन." दादाजीने तर दोन रीती त्यात आणखी घातल्या. सगळा मोहल्ला बाईच्या बाजूने. ज्यांच्यासाठी मी स्वतःला चपला मारून घेतल्या, ते येता-जाता विचारतात, "काय रामाजी, आला का किसना?"

ताट बाहेर येतं, पाणी बाहेर येतं, रात्री बाज बाहेर येते. काल पाऊस आला तर तिने छत्री बाहेर सरकवली आणि दार लावून घेतलं. घरजावई घरजावई म्हणून तुला हिणवलं. आता माझ्याच घराच्या दारात मी ताट पुढे यायची वाट पाहत बसलेला असतो.

शिक्क्याचं भांडण संपलं आहे असं समजू नकोस. ते मी तुझ्याशी करणार आहे, आणि सासऱ्याचं नाव घेऊन करणार आहे, आणि लहानूजीलाही समोर बसवणार आहे. त्याला काय सांगायचं ते तूच सांग. पण ते घरात बसून करू. ओट्यावर शोभत नाही.

दुपारच्या बसने ये, मागच्या दाराने नको. मी इथेच बसलो आहे. मला घरात घे.

तुझा बाप